सतरा नंबरचा फॉर्म

नववीच्या निकालानंतर शाळेने पालकांना बोलावलं. मुलीची वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगची ड्युटी होती, म्हणून नातीसाठी मी गेले. मी चौथी शिकले. सही करता येते. त्या सहीनेच मी एकदा मुलीचं वाटोळं केलंय.

ती नववीत असताना याच शाळेतल्या सरांनी सांगितलं होतं, मुलगी कच्ची आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीची परीक्षा बाहेरून देईल. कच्ची मुलं बाहेर काढली की शाळेचा निकाल चांगला दिसतो, हे मला कोण सांगणार? मी दाराशी चपला काढून उभी. आमच्यात सरांना उलट विचारत नाहीत. तुम्ही म्हणाल तसं म्हटलं आणि सही केली. पोरगी माझ्यासोबत पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायला लागली. परीक्षेला बसलीच नाही.

या वेळी रांगेत माझ्या आधी गोडाऊनवाल्या शेठची बायको होती. तिच्याकडे मी भाकऱ्या करते. तिचा मुलगा तीन विषयांत नापास. त्या घरात पुस्तक कुणी उघडत नाही. सरांनी फॉर्म पुढे केला, तिने बघितलाही नाही.

“पोरगा इथूनच बसंल. सोयरीक जमवताना काय सांगू मी?”

फॉर्म परत ड्रॉवरमध्ये गेला. जाताना ती मला म्हणाली, “मावशी, नातीला आपल्या गोडाऊनला लावू की. कशाला डोकं फोडायचं?”

“आधी तुमच्या पोराला लावा.”

ती हसली. मी हसले नाही.

नात एकट्या गणितात नापास होती. तरी तोच फॉर्म निघाला. सरांनी बोट ठेवलं, आजी, इथे सही. मी चपला घालूनच आत गेले होते. खुर्ची ओढून बसले.

“ती बी इथूनच बसंल.”

सर म्हणाले, तिला गणित जमणार नाही, शाळेचा नियम आहे.

“मग शिकवा, तुमचं कामच हाय. आणि नियम असंल तर कागदावर लिवून द्या. खाली तुमची सही करा.”

सरांनी पेन उचललं नाही. बाहेर रांग वाढली. मी उठले नाही. शेवटी त्यांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

घरी मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “माझ्या टायमाला अशी का न्हाय बसलीस?”

नातीला म्हटलं, गणिताचं पुस्तक काढ.