दशरथरावांनी पास केलेली बाथरूम

दशरथ ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. तयार माल हातात घ्यायचा, मापायचा, आणि जरा जरी फरक निघाला तर खडूने फुली मारून परत पाठवायचा, हेच त्यांनी नोकरीभर केलं. साहेबाने डोळे वटारले म्हणून त्यांनी कधी फुली पुसली नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरातली बाथरूम नापास करता येईना, आणि तिच्यापायी तो पुरता मेटाकुटीला आला.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून त्यांनी विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला होता. पत्नी शैलाताई गुडघ्यांनी बेजार. मुलगी दीक्षा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत; पहाटे कंपनीची बस तिला घेऊन जायची ती दिवेलागणीनंतरच आणून सोडायची. वधू-वर मेळाव्यात तिला अनिरुद्ध बनसोडेचं स्थळ आलं. मुलगाही आयटीतला, सध्या कंपनीच्या कामाने अमेरिकेत. वडील उत्तरेश्वर, बांधकाम कॉन्ट्रॅक्टर. संगणकवाल्या पोरापोरींना घरं हवी होती, म्हणून पुण्याच्या चारी बाजूंना इमारती उगवत होत्या, आणि वाघोलीकडच्या काही उत्तरेश्वररावांच्या होत्या.

बघण्याच्या कार्यक्रमात उत्तरेश्वरराव हात धुवायला आत गेले आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर आले.

"ओव्हाळसाहेब, ही बाथरूम शोभत नाही तुम्हाला. माझी माणसं पाठवतो. पैशाचं नाव काढायचं नाही. आपण आता व्याही."

दशरथरावांनी हात जोडले आणि तिथेच अडकले. विकत घेतलेल्या कामावर फुली मारता येते. व्याह्याने भेट दिलेल्या कामावर कशी मारणार?

काम असं झालं होतं की बघत राहावं. फरशीचा ढाळ जाळीकडे असायला हवा, तो होता दाराकडे. अंघोळीचं पाणी जाळीकडे ढुंकूनही न बघता थेट हॉलमध्ये यायचं. भिंतीवरच्या टाइल्स टिचकी मारली की पोकळ वाजायच्या. आतली कडी तिरकी बसवलेली. ती काढताना दार उचलून हिसका द्यावा लागे. एके सकाळी शैलाताई ओल्या फरशीवर घसरल्या. हाताला बेसिन लागलं म्हणून वाचल्या.

"आता तरी सांगा त्यांना," त्या म्हणाल्या.

"सांगतो. लग्न पार पडू दे."

त्याच संध्याकाळी उत्तरेश्वररावांचा फोन आला. "काय, कशी आहे बाथरूम?"

"उत्तम," दशरथराव म्हणाले. फोन ठेवला तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली.

दीक्षाने मात्र अनिरुद्धपाशी विषय काढला होता. "तो म्हणतो, लीव्ह इट यार. बाबांना आमच्याकडे कोणी काही बोलत नाही. अ‍ॅडजस्ट करायचं." एवढं सांगून ती तोंड फिरवून बसली. दशरथरावांना उलट बरं वाटलं. जावयाचाही सल्ला तोच, म्हणजे आपलं चुकलं नाही. माणूस अडकला की कशातही दिलासा शोधतो.

मग एका रविवारी बनसोडे मंडळी साखरपुड्याची तारीख ठरवायला यायची होती. ती येण्याच्या तोंडावरच बाथरूमच्या दारापाशी, आतल्या बाजूला तळं साचलं. खाली गाडी थांबल्याचं ऐकून दशरथरावांनी जुना टॉवेल उचलला, बाथरूममध्ये शिरले, आणि व्याह्यांना आपण पुसताना दिसू नये म्हणून आतून कडी लावून घेतली.

पुसून झालं. बाहेर जय भीम, या बसा, चाललं होतं. त्यांनी दार उचलून हिसका दिला. कडी हलेना. ओलीने दार फुगलं होतं. पुन्हा हिसका, पुन्हा तेच. शेवटी नाइलाजाने त्यांनी आतून हाक मारली.

सगळे दारापाशी जमले. "जोर लावू नका हं," उत्तरेश्वरराव बाहेरून म्हणाले. "चौकट नवीन आहे."

"काका, ही कडी पहिल्या दिवसापासून अडकते," दीक्षाचा आवाज आला. "पाणी सगळं बाहेर येतं. आई पडता पडता वाचली."

गप्प बस गं, असं आत दशरथरावांना ओरडावंसं वाटलं.

"वापरायचीही पद्धत असते, बेटा. पाणी बेताने घ्यायचं," उत्तरेश्वरराव म्हणाले.

तेवढ्यात उत्तरेश्वररावांच्या पत्नी कुसुमताई शैलाताईंना समजावल्यासारखं म्हणाल्या, "आमच्याकडेही येतं हो पाणी बाहेर. मी पहाटे पुसून घेते. ह्यांच्या उठायच्या आधी."

"कधीपासून?" दीक्षाने विचारलं.

"अनिरुद्ध पाळण्यात होता तेव्हापासून."

"आणि काकांना कधी सांगितलं नाहीत?"

कुसुमताई नुसत्या हसल्या. "काय विषय काढलाय," उत्तरेश्वरराव म्हणाले. "आधी दाराचं बघा."

दशरथरावांनी हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. त्यातून पाणी गळत होतं. उत्तरेश्वररावांच्या नजरेला पडायच्या आत पुसून टाकायचं, हेच तर कुसुमताईंप्रमाणे तेही करत होते. आणि हाच टॉवेल हातात देऊन लेकीला त्या घरी पाठवायला निघाले होते. ते मनापासून घाबरले. दारूगोळ्यात उभी हयात काढली, पण असे कधी घाबरले नव्हते.

"उत्तरेश्वरराव," ते आतून म्हणाले, "दाराला खांदा लावा. कडी तुटली, चौकट निघाली, तरी चालेल."

"अहो, साखरपुड्याची तारीख काढायला बसलोय. नवं काम कशाला मोडता?"

"काम चुकलंय. ढाळ चुकलाय, दार चुकलंय, सगळं उखडावं लागेल. मी उत्तम म्हणालो ते खोटं होतं."

दशरथराव भिंतीला टेकून उभे राहिले. आता मंडळी उठून जातील, दीक्षा आपल्याला काय म्हणेल, असं त्यांना वाटत राहिलं.

"तारीख आज नको," दीक्षा म्हणाली. "त्या घरात मी बोललेलं चालणार आहे का, ते आधी अनिरुद्धला विचारते. बाबा, मागे सरका."

दाराला धक्का बसला. कडी करकरली, पण निघाली नाही. मग दाराच्या अगदी जवळ बांगड्या वाजल्या.

"थांब गं," कुसुमताई म्हणाल्या. "मीही लावते खांदा."