दारूबंदीच्या जिल्ह्यातून व्हिस्कीच्या कारखान्यात

"नातीचा पहिला वाढदिवस हाये. मी चालली. तुम्ही येता का नाई, ते तुमचं तुम्ही पाहा," आई बाबांना म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते. बाबा सिंदी रेल्वेच्या शाळेत मास्तर, आणि आमचा अख्खा जिल्हा दारूबंदीचा.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा 'केमिकलच्या कारखान्यात' आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. तो कारखाना व्हिस्कीचा आहे, हे लग्नानंतर कळलं. तेव्हापासून बाबांनी ताईच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. ती माहेरी आली की तिचे सगळे लाड व्हायचे; भाऊजी आले की बाबा "चहा घ्या" म्हणायचे आणि शाळेत निघून जायचे. त्या दिवशी मात्र ते टोपी घालून गुपचूप आमच्यामागे निघाले.

सिंदीहून नागपूरला जायला रेल्वेच सोयीची. पण आईला आधी केळझरच्या गणपतीला जायचं होतं, म्हणून एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर ऊन चढायच्या आत टेकडी चढा. वरून दिसणारी शेतं डोळे निववतात. तिथून वर्धा-नागपूर गाडी मिळाली. बुटीबोरीपर्यंत उभ्यानं गेलो. नागपूरच्या स्टँडबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले, नातीसाठी संत्राबर्फी घेतली आणि दुसरी बस पकडली. पुढचा दीड तास नुसती धूळ. मग खिडकीतून आंबलेल्या गुळासारखा वास आला. बाबांनी उपरणं नाकाला लावलं.

ताई क्वार्टरच्या दारात उभी होती. बाबांना बघून ती आत पळाली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. नात मात्र रांगत येऊन सरळ त्यांच्या मांडीवर चढली.

वाढदिवस पार पडला आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींनी भीतभीत विचारलं, कारखाना पाहायचा का? सगळ्यांना वाटलं, आता बाबा भडकणार. ते म्हणाले, "आलोच हावो तं पाहू."

मळीच्या टाक्या, उकळणारी भांडी, पितळी नळ्या यांतून भाऊजी आम्हाला फिरवत होते. शेवटी एका अंधाऱ्या, गार गोदामात नेलं. लाकडी पिंपांच्या रांगा होत्या. आत वर्षानुवर्षं मुरत पडलेली व्हिस्की. देवळात बोलावं तसं भाऊजी हळू आवाजात बोलत होते. बाबांनी एका पिंपावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे सारं तुम्ही लग्नाआधी सांगाले पाहिजे होतं."

भाऊजींनी आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आईनं पदर सावरला.

"त्यायनं सांगितलं होतं. मलेच सांगितलं होतं. म्याच तुमच्यापर्यंत येऊ देल्लं नाई. पोरगा चांगला होता."

बाबा बाहेर गेले आणि कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं भाऊजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आई आणि मी दाराशीच थांबलो.

"तुम्ही घेता?" बाबांनी विचारलं.

"घेतो, मामाजी. कधीमधी. तुमच्या लेकीले माहीत आहे."

बाबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "नाई घेत म्हटलं असतं, तं मी आताच्या बसनं परत गेलो असतो." ते उठले आणि भाऊजींच्या खांद्याचा आधार घेत घराकडे चालू लागले. घरी ताईनं पाटोडीचा रस्सा केला होता. बाबांनी दोनदा मागून घेतला. आईशी मात्र ते परतीच्या प्रवासात नागपूर येईपर्यंत बोलले नाहीत. नागपूरच्या स्टँडवर त्यांनी तिच्यासाठी स्वतः चहा आणला. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

सिंदीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी बाबांच्या उपरण्याचा वास घेतला आणि खादीच्या टोपीकडे संशयानं पाहिलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "जावयाच्या घरून येऊन राह्यलो."

तो कारखाना आता बंद पडलाय. रस्ता गुळगुळीत झालाय आणि आमच्या दीड तासाची वाट तुम्ही निम्म्या वेळात कापाल. तिकडे आता पाहण्यासारखं फार काही उरलेलं नाही. बाबांनी जन्मभर दारूला हात लावला नाही आणि दारूबंदीवरचं त्यांचं मतही तसूभर बदललं नाही. पण त्या वर्षीच्या दिवाळीचं आमंत्रण द्यायला ते एकटेच, कुणी न सांगता, दोन बस बदलून भाऊजींकडे गेले होते.