खूण न करणारा मिस्त्री

कुंभार पिंपळगावात बिभीषण मिस्त्री दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. तो कुठलंही मशीन खोलू शकत असे, आणि खोलताना कधी खूण करत नसे. शहाणा फिटर कुठलाही भाग उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पंच ठेवून एकेक टिंब मारतो. मग बसवताना वरचं खाली होत नाही, डावं उजवं होत नाही. काम हातोडीच्या दोन ठोक्यांचं. पण बिभीषणला तेवढ्यातही कमीपणा वाटायचा.

"खुणा नवशिक्याला लागतात," तो म्हणायचा. "आपलं समदं हितं छापलेलं हाय." आणि काळं बोट कपाळावर टेकवायचा. जालन्याच्या सळईच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी तो ऑइलचा टिळा काही गेला नव्हता.

"छापलेलं हाय खरं," त्याची बायको दैवशाला म्हणायची, "पन शाई उडून चालली."

त्याच गावात आबारावांच्या कडब्याच्या शेडमध्ये एक मोटार उभी होती. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात आणलेली. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या अंड्यावर बसल्या होत्या. "आमच्यासारखी गाडी अख्ख्या जिल्ह्यात न्हाई," असं आबाराव सांगायचे. ते खोटं नव्हतं. जिल्ह्यातल्या बाकीच्या गाड्या चालत होत्या.

आबारावांच्या रेणूचं लग्न ठरलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, की नवरदेवाचा परण्या ह्या मोटारीतून निघावा. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, तिथून मांडवात येतो, तो परण्या. गावात आजवर तो साहेबरावांच्या पांढऱ्या घोड्यावरून निघत आलेला. मोटार चालू करायचं काम बिभीषणला मिळालं त्याच दिवशी तो चहाच्या हॉटेलात गेला आणि साहेबराव बसले होते त्याच बाकड्यावर जाऊन टेकला.

"साहेबराव, घोड्याला आता पेन्शन द्या."

"देतो की. आधी तुमच्या मोटारीला नोकरी तर लागू द्या."

"नवरदेवाला मारुतीला नेतो आन् मांडवात आनून सोडतो. मधी कुठं घोडा लागला, तर लगाम मी धरीन. टोपी काढून, बोडक्या डोक्यानं!"

सगळ्या हॉटेलने ऐकलं. चहावाल्याने गॅस बारीक करून ऐकलं. ज्याच्या हाताखाली एके काळी डझनभर हेल्पर होते, त्याने बोडक्या डोक्याने घोड्यापुढे चालायचं, म्हणजे मग गावात तोंड कुठे दाखवायचं? पण बिभीषणने ह्याचा विचार केला नाही. कपाळावर सगळं छापलेलं होतं ना.

मोटारीचं इंजिन मात्र जुन्या हाडाचं निघालं. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, आणि ते खोकत खोकत चालू झालं. गिअरबॉक्समध्ये दात म्हणून उरले नव्हते. त्याचे सुटे भाग जगात कुठे मिळतील हे कोणाला ठाऊक नव्हतं. बिभीषणने जालन्याच्या भंगार बाजारातून एका मोडक्या जीपचा गिअरबॉक्स उचलला. इंजिनापेक्षा तो दोन पिढ्यांनी तरुण.

"आजाच्या धडाला नातवाचे पाय लावून राह्यला," हॉटेलात कोणीतरी म्हणालं.

इंजिनाचं तोंड आणि गिअरबॉक्सचं तोंड ह्यांचा एकही बोल्ट एकमेकांसमोर येत नव्हता. बिभीषणने जाड पोलादाची प्लेट कापली. तिला एका बाजूने इंजिनाची भोकं पाडली, दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सची. जीपच्या शाफ्टचं टोक इंजिनात सैल पडत होतं, म्हणून लेथवर पितळी बुश काढला. मग सेंटर. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, केसाएवढा फरक राहिला, तरी बॉक्स थरथरत राहतो आणि वर्षात मरतो. बिभीषणने आठवडाभर गाडीखाली उताणं पडून सेंटर काढलं. केस ठेवला नाही. हे काम त्याचं उत्तम होतं, त्याला नाव ठेवणाऱ्याने आधी तसं करून दाखवावं.

अवघड संपलं. राहिलं ते सोपं. जीपच्या गिअरबॉक्सला जुना मागचा एक्सल जुळत नव्हता, म्हणून एक्सलही जीपचाच घेतला. तो जीपखालून सोडवला, अर्थातच खूण न करता. बसवताना तो मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकेना. बिभीषणने त्याला उपडा केला आणि तो पटकन बसला.

दैवशाला चहा घेऊन आली होती. "अवो, ह्याचं तेलाचं भोक खाली होतं न्हवं? वर कसं आलं?"

"सोय झाली. ओतायला वाकावं लागत न्हाई."

मोटार विटांवर चढवून त्याने इंजिन चालू केलं, गिअर टाकला. मागची चाकं गरगर फिरली. आबारावांनी टाळ्या वाजवल्या, पेढे मागवले. चाकं कुठल्या बाजूला फिरतात हे कोणी बघितलं नाही. फिरतात हेच खूप होतं.

टायर लग्नाच्या दिवशी सकाळी आले. आबारावांचा हट्ट असा, की मोटार पहिल्यांदा हलावी ती नवरदेवाला घेऊनच. म्हणून ट्रॅक्टरने ओढून ती वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाच्या शाळेपुढे नेली. नारळ फुटला. नवरदेव कल्याण मागे बसला. साहेबरावही हजर होते, घोड्यासकट.

"जेवायला आल्तो," ते म्हणाले. "मंग जनावराला एकटं कुठं सोडू?"

बिभीषणने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. मोटार मागे गेली आणि शाळेच्या फाटकाला भिडली.

"रस्ता मोकळा करत होतो," बिभीषण ओरडला. त्याने दुसरा टाकून बघितला. मागेच. तेव्हा त्याला ते तेलाचं भोक आठवलं. एक्सल उपडा, म्हणजे आतलं दातेरी चक्र पलीकडच्या अंगाला. म्हणजे चाकं उलटी. म्हणजे मोटारीला मागे पळायला तीन गिअर आणि पुढे जायला एकच, तो रिव्हर्सचा.

त्याने रिव्हर्स टाकला. मोटार कण्हत, कुंथत पुढे निघाली. बँडपुढे पोरं नाचत होती, परण्याला चाल लागते ती एवढीच. लोक म्हणाले, काय शाही चाल! बिभीषणने टोपी नीट केली. मारुती आला, नवरदेवाने दर्शन घेतलं. साहेबराव घोडा धरून मागून चालत आले होते.

तेवढ्यात आबाराव धावत आले. "मिस्त्री, मुहूर्त चाललाय! जल्दी! आता पळवा गाडी!"

मांडव आल्या रस्त्यानेच मागे, शाळेच्याही पलीकडे. गल्ली अरुंद, मोटार वळवायला जागा नाही. वळली असती तरी त्या कण्हत्या गिअरने पोचायला दुपारची पंगत उठली असती. बिभीषणने घाम पुसला, मान मागे वळवली आणि तिसरा टाकला. मोटार कित्येक वर्षांत पहिल्यांदा पळाली. पाठमोरी. कल्याणने एका हाताने बाशिंग धरलं, दुसऱ्या हाताने सीट.

मांडवाच्या दारात रेणूची आई पुष्पाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिच्यापुढे मोटारीचं बूड येऊन थांबलं.

"घोड्याशिवाय आनला!" बिभीषण उतरून म्हणाला.

"हे काय?" पुष्पाबाई म्हणाली. "जावई पाठमोरा दारात आला! मी ओवाळू कुनाला, ह्या डिक्कीला?"

"अगं, मुहूर्त—" आबाराव.

"मुहूर्त थांबंल. मागं न्या त्येला, वेशीपासून तोंड इकडं करून आना. आन् त्या डब्यातून बिलकुल न्हाई."

सगळा मांडव बिभीषणकडे बघू लागला. हॉटेलवाला तर खुर्चीवर चढून बघत होता. साहेबरावांनी लगाम पुढे केला. बिभीषणने टोपी काढून खिशात घातली.

वेशीपासून मांडवापर्यंत तो घोड्यापुढे चालला. घोडा सरळ चालत होता.

"मिस्त्री," साहेबराव शेजारून म्हणाले, "ह्याला एकच गिअर हाय. पन पुढचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण मोटारीखाली शिरला. एक्सल काढून सुलटा करायचा होता. दैवशालाने त्याच्या हाताजवळ पंच आणि हातोडी ठेवली. त्याने त्या दोन्हींकडे बघितलं, हसला, काळं बोट कपाळावर टेकवलं आणि पहिला नट सोडवला.