कॅप्टनच्या सवयीने दिलेला पासपोर्ट

तो पासपोर्टचा मामला मी अजून विसरलेलो नाही. तसे पाहिले तर किरकोळ प्रकरण. ना मारामारी, ना चोरी. पण एका माणसाला आईचे तोंड बघायला मिळणार की नाही, हे त्यावर ठरणार होते.

मी तेव्हा सिंगापुरात वुडलँड्सच्या पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो, घरी मराठी बोलणारा. एका दुपारी एक तमिळ कामगार आला. त्याच्या खोलीत राहणारा मराठी फिटर धड जेवत नव्हता. रत्नागिरीकडे गावी त्याची आई शेवटच्या दुखण्यात होती आणि पासपोर्ट मॅनेजरने ठेवून घेतला होता. "मी आलो होतो हे त्याला सांगू नका," एवढे बोलून तो गेला.

मी फिटरला बोलावले. पन्नाशीचा दणकट गडी, पण खुर्चीच्या कडेवर टेकलेला. ठाण्यात निरपराध माणूस असाच बसतो. ऐसपैस बसतात ते सराईत.

"पासपोर्ट कुणी काढून घेतला?"

"काढून नाय घेतला, साहेब. मीच दिला. परमिटसाठी लागतो म्हणाले."

"परत मागितलात?"

"मागितला. परमिटच्या ऑफिसात अडकलाय म्हणतात. माझी काय तक्रार नाय."

माझा पारा चढू लागला. मग तो म्हणाला, "जन्म जहाजावर गेला, साहेब. चढलो की पासपोर्ट कॅप्टनकडे. तशीच सवय." किनाऱ्यावरची ही त्याची पहिलीच नोकरी. मी जरा निवळलो.

त्याच्या गळ्यात वर्क परमिटचे कार्ड लटकत होते. कार्ड हातात आले म्हणजे पासपोर्टचे काम केव्हाच आटोपलेले. मग तो सरकारी ऑफिसात अडकेल कशाला?

मॅनेजर आला तो ऐटीतच. "त्यानेच सांभाळायला दिला."

"मग ऑफिसात काय अडकलंय?"

तो खिडकीकडे बघू लागला. मी कॉफी मागवली आणि गप्प बसलो. चौकशीत निम्मे काम गप्प बसण्यानेच होते. कॉफी निवली तसा तो बोलू लागला. आधीचा फिटर रजेवर गेला तो परतलाच नाही, आणि जहाजाच्या दुरुस्तीचे काम डोक्यावर होते. माणूस दुष्ट नव्हता, हाही परतला नाही तर, म्हणून धास्तावला होता. पण दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवणे इथे गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होते. पासपोर्ट त्याच्या टेबलाच्या खणातच निघाला.

तरी फिटर जबाबावर सही करेना. मी विचारले, "कॅप्टनला सांगितलं असतं, आई आजारी आहे, तर?"

"पुढच्याच बंदरात उतरवलं असतं, साहेब. पासपोर्ट हातात देऊन." बोलता बोलता तो थांबला. डोळे पुसले आणि त्याने पेन मागितले.

नोंद पुरी करून मी पासपोर्ट त्याच्या हाती दिला. त्याने आपला फोटो पाहिला आणि तो पुन्हा माझ्यापुढे धरला. "विमानाची वेळ होईस्तोवर तुमच्याकडेच असू द्या."

मी तो त्याच्या शर्टाच्या खिशात घातला आणि वरून बटण लावले.

तक्रार नाही म्हणणाऱ्याला त्रासही नसेल, असे मी त्यानंतर कधी धरून चाललो नाही. आपल्यावर अन्याय होतोय, हे काहींना कुणी कधी सांगितलेलेच नसते.

आई त्याला भेटली. शेवटपर्यंत आपण तिला पेज भरवली, असे त्याने फोनवर सांगितले. आणि पासपोर्ट खिशातच आहे, हेही न विचारता सांगितले.