मानेतली नस मोजायला संभाजीनगरला

कारवारच्या खानावळीतून चार दिवसांची सुट्टी काढून, दोन गाड्या बदलून मी संभाजीनगरला उतरलो. नऊ वर्षांनी. जिथं आम्ही ज्वारीची कणसं चोरायचो तिथं आता चार मजली इमारती, आणि प्रत्येकीच्या दाराशी टँकरची वाट बघणारे निळे ड्रम. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी दगा दिला होता. तरी आईनं माझ्या अंघोळीला अख्खी बादली राखून ठेवलेली. "दुसरी मागशील तर नाय मिळायची," म्हणाली, आणि येसराची आमटी (येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून केलेला मसाला) वाढली.

बोलावणं सुधाकरदादाचं होतं. एका दवाखान्यात धडधाकट माणसांची कुटुंबं तपासत होते. मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत किती जाड, आणि ती जाडी आईबापांकडून किती येते, हे त्यांना पाहायचं होतं. फॉर्मवर दादानं माझ्या नावापुढं 'सख्खा भाऊ' लिहिलं होतं.

मी सख्खा नाही. फर्दापूरला शेजारच्या घरातलं, आईबाप गेलेलं तान्हं पोर. हे लोक गाव सोडून शहरात आले ते मला कडेवर घेऊनच. घरात हे कुणी बोलत नाही. मला कळलंय, हे आईला माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मानेला थंडगार जेल लावला. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. "भावाभावांची मापं किती जुळतात, तेच बघतोय," त्या म्हणाल्या.

"जुळणारच की," शेजारी बसलेली आई म्हणाली. "दोघं बी लई हट्टी."

बाई हसल्या. माझ्यामुळं यांचं उत्तर चुकणार होतं. आई चहा आणायला गेली तसं मी सांगून टाकलं.

"बरं झालं बोललात," बाई म्हणाल्या. "एका घरात वाढलेले पण रक्त वेगळं, असेही लोक लागतात आम्हाला. खाण्यापिण्याचा परिणाम किती, ते त्यातून कळतं."

हायसं वाटून वळलो, तर दारात आई. हातात माझा चहा.

परतीच्या गाडीला ती एकटीच सोडायला आली. फलाटावर म्हणाली, "कधीपासून ठाऊक तुला?"

"आठवीपासून. शहागंजच्या बाजारात गावाकडची एक बाई बोलली होती."

"म्हणून शाळा सोडून कामाला पळालास व्हय? अन् मी समजत होते, माझ्या बोलण्याला कंटाळलास."

मी "त्यामुळं नव्हतो गेलो" म्हणालो. तिनं ऐकून घेतलं, पटलं नाही. मोठा खरं बोलायला गेलो होतो, तेही परक्या बाईशी. आईशी मात्र खोटं बोलून गाडीत चढलो.