ओलं अंगण

बल्लारपूरला माझ्या बस थांब्यासमोर एका गृहस्थांचं घर होतं. रोज सकाळी मी मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करून त्यांच्याकडेच बघायचे. मुरूम टाकून, चोपून त्यांनी स्वतः अंगण केलं होतं, कडेला झेंडू लावला होता. ड्यूटीवर जायच्या आधी ते शेणाचा सडा टाकायचे आणि उकिडवे बसून रांगोळी काढायचे. तीनेक वर्षांची मुलगी त्यांच्या पाठीवर लोंबकळत असायची.

"बाबा, वाकडी झाली!"

"तुह्या नाकासारखी झाली."

एकदा मला हसू आलं, ते त्यांनी पाहिलं.

"हसू नका ताई. इची माय गेली तेवा दहा दिवस सडा नव्हता. आता अंगण कोरडं दिसलं का इले वाटते, घरात अजून कोणी मेलं."

एखादी सोपी रांगोळी शिकवावी असं वाटलं, पण ती मलाही येत नव्हती.

दिवाळीनंतर मुलगी दिसेना. शेजारच्या चहावाल्या बाईंनी सांगितलं, तिला एटापल्लीला आजीकडे ठेवलंय. ते ड्यूटीवर गेल्यावर सांभाळायला इथे कोणी नाही. अंगण मात्र रोज ओलंच असायचं. रांगोळीही तशीच, वाकडी.

एक दिवस धीर करून मी रस्ता ओलांडला. "आता कोणासाठी करता, भाऊ?"

त्यांनी हातातली बादली खालीसुद्धा ठेवली नाही.

"आजी तिले अचानक घेऊन आली तं?"