जुन्या कॉम्प्युटरची रॅम

माझी बायको चादरींची डिझाइनं काढते, तीही घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. मोठं डिझाइन उघडलं की तो अडकून बसायचा. नवी विंडोज टाकू, असं मी म्हणत होतो, पण तिला धास्ती होती.

"माझं सॉफ्टवेअर जुनं आहे. नवीनवर ते चाललंच नाही तर?"

शेवटी आम्ही दोघं मशीन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "विंडोज राहू द्या की. रॅम वाढवू. फक्त याला इंटरनेट जोडू नका."

दोघांनाही ते पटलं. रॅम टाकून घरी आलो. बायकोनं सगळ्यात मोठं डिझाइन उघडलं, ते झटकन पडद्यावर आलं.

"आता डबलबेडच्या चादरीवर अख्खा मोर काढते," म्हणत तिनं खुर्ची पुढं ओढली.